एआरएम म्हणे मोबाइलसाठी जन्मला!

अ‍ॅपलचा एम१ हा एआरएम जातीचा प्रोसेसर आला त्या २०२० सालापासून एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचं सार असं: एआरएम हा मोबाइलसाठी, वीज वाचवायला बनवलेला प्रोसेसर. युनिक्स ही मोठ्या संगणकांवरची प्रणाली चालवण्यासारखं जड काम त्याच्या आवाक्यातलं नव्हतंच. टेबलावरच्या ‘खऱ्या’ संगणकात तो पहिल्यांदा बसवला अ‍ॅपलने. तिन्ही विधानं ठणकावून केलेली आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत.

शेवटचं आधी घेऊ, कारण ते दोन वाक्यांत निकालात निघतं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने जून १९८७ मध्ये आर्किमिडीज हा टेबलावरचा संगणक बाजारात आणला, आणि त्यात ८ मेगाहर्ट्‌झचा एआरएम२ होता. एआरएममधला ‘ए’ मुळात एकॉर्नचाच; ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे नवं बारसं १९९० चं, एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून वेगळी कंपनी काढली तेव्हाचं. (ऐंशीच्या दशकात ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते, ते याच एकॉर्नचे.)

आता वीज. एकॉर्नने हे काम ऑक्टोबर १९८३ मध्ये हाती घेतलं, तेव्हा डोक्यात होता बीबीसी मायक्रोचा वारसदार. बाजारातले १६ बिटी प्रोसेसर त्यांनी तपासले. मेमरी जितक्या वेगाने डेटा देऊ शकत होती तितका या चिप घेतच नव्हत्या, शिवाय इंटरप्टला, म्हणजे ‘हातातलं थांबव, इकडे बघ’ या हाकेला, प्रतिसाद मंद. मग सोफी विल्सन यांनी इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच) आखला, स्टीव्ह फर्बर यांनी आतली रचना केली. माणसं मोजकी, म्हणून चिपही साधी: जेमतेम २५,००० ट्रान्झिस्टर. तिला सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकचं आवरण द्यायचं होतं आणि त्यासाठी विजेचा वापर एका वॉटच्या आत ठेवणं भाग होतं. नेमका वापर आधी मोजायची साधनं नव्हती, म्हणून त्यांनी हात राखूनच काम केलं. एप्रिल १९८५ मध्ये चिप आली आणि चालली. पुढे फर्बर यांनी तिचा वीजप्रवाह मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर! बोर्डावरची वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती, आणि चिप इतर पिनांतून झिरपणाऱ्या विजेवर बिनतक्रार चालत होती. काटकसर होती ती पैशांची. विजेची बचत त्यासोबत फुकटात मिळाली. एआरएम असलेला नोकिया ६११० हा मोबाइल जाहीर व्हायलाच १९९७ उजाडलं.

युनिक्सचा मुद्दा मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. १९८९ मध्ये एकॉर्नने आर१४० हे वर्कस्टेशन काढलं. प्रोसेसर तोच एआरएम२, मेमरी ४ एमबी आणि वर ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीवर बेतलेली रिस्क आयएक्स ही प्रणाली, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडोसह. हे नंतर चिकटवलेलं ठिगळ नव्हतं. अशा प्रणालीत मेमरीचे सारखे तुकडे, म्हणजे पेज, पाडतात आणि लागेल ते डिस्कवरून आणतात. त्या काळच्या मोटोरोला ६८००० या प्रोसेसरमध्ये हवं ते पेज मेमरीत नसलं, तर अर्धवट राहिलेली सूचना पुन्हा धडपणे सुरू करता येत नसे. अपोलो कंपनीला त्यासाठी एकाच मशिनात दोन ६८००० बसवावे लागले. एआरएमला सुरुवातीपासून ‘अबॉर्ट’ची पिन होती: सूचना सोडून दे, पेज आण, पुन्हा चालव. फोनची चिप बनवणारा माणूस १९८५ साली ही सोय कशाला ठेवेल?

आर१४० लंगडत होता, हे खरंच. पण दुखणं प्रोसेसरपेक्षा शेजारच्या मेमसी या मेमरी कंट्रोलरचं होतं. त्याच्याकडे पेजांच्या नोंदी फक्त १२८. ४ एमबी भागिले १२८, म्हणजे एकेक पेज ३२ केबीचं. चिमुकल्या प्रोग्रामलाही कोड, डेटा आणि स्टॅक यांसाठी एकेक पेज दिलं की ९६ केबी गेले, मग आत भरायला काही असो वा नसो. कर्नल (प्रणालीचा गाभा), एक्स विंडो आणि वापरणाऱ्याची सगळी कामं त्या १२८ खोल्यांत दाटीवाटीने राहायची. डिस्कही बेताचीच. त्यावर एकॉर्नच्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो: प्रोग्रामच्या फाइली डिस्कवर दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवायच्या आणि जे पेज लागेल तेवढंच वाचताना उलगडायचं. ३२ केबीचं पेज दाबलेलं असल्यामुळे डिस्कवरून वाचायलाही कमीच लागायचं.

फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांची, गणितं मूळ मशिनात सॉफ्टवेअरनेच व्हायची, तेव्हा शास्त्रीय कामाला ते गोगलगायच. १९९० च्या आर२६० मध्ये कॅशवाला (स्वतःची छोटी वेगवान मेमरी असलेला) एआरएम३ आणि ८ एमबी मेमरी आली, तरी एकॉर्न वर्कस्टेशनवाल्या सन कंपनीला मागे टाकत होतं असं कुणी सांगू लागला तर तेही हाणूनच पाडावं लागेल.

आणि ३२ केबीच्या पेजांना फार हसायचं काम नाही. एम१ वर मॅकओएसचं पेज १६ केबीचं असतं. फक्त तिथे मेमरी ८ जीबीपासून सुरू होते.