बावीस श्वासांची गादी

२०२० सालच्या डिसेंबरात, कोरोनाच्या दिवसांत, एका रविवारी पहाटे पाच वाजता मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, अंगात दोन स्वेटर आणि डोक्यावर फुगवलेली गादी घेऊन, श्वास सोडायला गेलो होतो. शेवटचा नव्हे. शेवटचा असता तर निदान चार लोक गंभीर चेहऱ्याने उभे राहिले असते. हा आदल्या रात्री गादीत भरलेला श्वास होता आणि तो वस्तीपासून लांब नेऊन सोडावा असा निर्णय झाला होता. निर्णय एका काकांचा. अनुमोदन माझ्याच तीन मित्रांचं. पुढचा बुधवार उजाडला तरी माझं डोकं शांत झालं नव्हतं. त्यात सोमवारी राज्यात कोरोनामुळे महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी जाहीर झाली, तेव्हा क्षणभर मला वाटलं की काकांनी वर कळवलं.

गडावर का गेलो, तर मार्चपासून घरात बसून भिंतींचे पोपडेसुद्धा ओळखीचे झाले होते म्हणून. शिवाय आकाशात गुरू आणि शनी १६२३ नंतर पहिल्यांदाच एकमेकांच्या इतके जवळ येणार होते, आणि कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. १९ डिसेंबरचा शनिवार, पायथ्याच्या पाचनई गावातून चढाई, वर एका मावशींच्या झोपडीत पिठलं-भाकरी आणि अंगणात झोप. बेत संपला.

आता झोपेबद्दल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ट्रेकला जाताना झोपण्याचं सामान म्हणजे एक सोलापुरी चादर आणि खाली अंथरायला रविवारच्या पेपरची पुरवणी. गुहेत आम्ही आठ जण ओळीने पडायचो. मधल्यांना ऊब, टोकाच्या दोघांना वारा, त्यामुळे मधल्या जागांवरून चढतानाच भांडणं सुरू व्हायची. जागा इतकी कमी की एकट्याने कूस बदलता येत नसे. टोकाचा ओरडायचा, "पलटी!" आणि आठही जण तव्यावरच्या धिरड्यांसारखे एकदम उलटायचे. एकाला सर्दी असली तर सोमवारी आठही जण शिंकायचे. याला तेव्हा कुणी संसर्ग म्हणत नसे.

लॉकडाऊनमध्ये दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी झोपण्याचा अभ्यास केला. लोकांनी केक केले, मी इन्सुलेशन केलं. स्लीपिंग बॅग स्वतः ऊब देत नाही, आपलीच ऊब धरून ठेवते. आणि धरून ठेवते ती आतल्या तंतूंमध्ये अडकलेली हवा. अंगाखाली येणारा भाग वजनाने चेपतो, त्यातली हवा जाते आणि उरतं नुसतं कापड. म्हणून खाली गादी लागते. नाहीतर जमीन रात्रभर तुमची ऊब शोषत राहते, घरमालक डिपॉझिट शोषतो तशी. हे सगळं वाचून मी एक स्लीपिंग बॅग मागवली. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'उणे ५' लिहिलं होतं. सह्याद्रीत उणे पाच कशाला होतंय, म्हणून मी निर्धास्त. पार्सल आल्यावर शिवणीजवळचं मुंगीच्या अक्षरातलं लेबल वाचलं. तिथे तीन आकडे होते. कम्फर्ट, म्हणजे ज्या तापमानाला 'प्रमाणित स्त्री' आरामात झोपते, ते १०. लिमिट, म्हणजे ज्या तापमानाला 'प्रमाणित पुरुष' अंगाचं मुटकुळं करून कसाबसा झोपतो, ते ६. आणि एक्स्ट्रीम, म्हणजे ज्या तापमानाला ती प्रमाणित बाई सहा तास निदान गारठून मरत नाही, ते उणे ५. प्रमाणित पुरुष २५ वर्षांचा आणि ७३ किलोंचा असतो म्हणे. मी ४८ वर्षांचा, ८४ किलोंचा, आणि मुटकुळं करायला गेलो तर पोट मध्ये येतं.

तेव्हा सगळी भिस्त गादीवर होती. हवेची गादी, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी. तिचा पायपंप मुलीने ऑनलाइन वाढदिवसाचे फुगे फुगवायला घेतला होता आणि तो तिच्याकडेच राहिला. (ऑनलाइन वाढदिवसाला खरे फुगे कशाला, हे मी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.) म्हणून शनिवारी संध्याकाळी अंगणात बसून मी गादी तोंडाने फुगवायला घेतली. घरी मोजलं होतं, बरोबर बावीस श्वास लागतात.

सातव्या श्वासाला समोर दोन बूट येऊन थांबले.

वर पाहिलं. बुटांच्या वर ट्रॅकपँट, तिच्या वर जाकीट, गळ्यात दोरीने लटकवलेला ऑक्सिमीटर, डोक्याला माकडटोपी आणि माकडटोपीवर फेस शील्ड. एन-९५ मास्क होता, पण हनुवटीला; दाढदुखीवर फडकं बांधतात तसा. हे काका एकटेच आले होते. "सध्या ग्रुपने फिरणं बेजबाबदारपणाचं आहे," हे त्यांनी आमच्या ग्रुपला आल्या आल्या सांगून टाकलं होतं. आयुष्यभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले. खिशात टेप. अंगणात आमच्या चौघांच्या जागा त्यांनीच सहा-सहा फुटांवर आखून दिल्या होत्या आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. दगड ठेवताना मला तर सातबारा मिळाल्यासारखं वाटलं होतं.

"काय करताय?"

"गादी फुगवतोय."

"तोंडाने?"

तोंडात व्हॉल्व्ह असल्यामुळे मी मान हलवली.

"म्हणजे तुम्ही तुमचा श्वास आत भरताय."

असं कुणी सांगेपर्यंत माणूस या गोष्टीकडे त्या नजरेने बघत नाही. मी व्हॉल्व्ह बंद केला. "हो. बावीस लागतात."

"बावीस." काकांनी डोळे मिटले. "खोल श्वास अडीच लिटर धरा. बावीस अडीचे पंचावन्न. पंचावन्न लिटर श्वास! आणि हा सकाळी सोडणार?"

"हो."

"कुठे?"

मला पोहता येत नाही, आयकर समजत नाही, बायकोच्या मामेभावांची नावं लक्षात राहत नाहीत. पण गादीतली हवा कुठे सोडायची याचं उत्तर नसल्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदाच ओशाळलो. "इथेच," मी म्हणालो. "अंगणात. सोडतात तशी."

"अहो साहेब, ते तुषार आत जाऊन बसणार. दमट, बंद जागा. त्यावर तुम्ही रात्रभर झोपणार. खालून ओल, वरून ऊब." ते खाली वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही अंडी उबवताय अंडी!"

एव्हाना माझे तिन्ही मित्र भाकऱ्या सोडून आले होते. अशा वेळी मित्राने मित्राची बाजू घ्यावी अशी जुनी समजूत आहे. एकाने विचारलं, "आणि समजा रात्रीच पंक्चर झाली तर?"

"मी गारठून मरेन," मी म्हणालो.

"तुमचं सोडा हो," काका म्हणाले. "आमचं काय?"

मी सांगितलं की मला ना ताप, ना खोकला. चव येते, वास येतो. तुमच्या जाकिटाला डांबरगोळ्यांचा येतोय तोसुद्धा येतो. काकांनी माझं बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं. ९७. आकडा चांगला आल्याने ते जरा नाराज झाले. मग म्हणाले, "लक्षणं नसलेलेच धोक्याचे." यावर काय बोलणार? त्या नऊ महिन्यांत हे वाक्य वापरून कुणीही कुणालाही गप्प करू शकत होतं. लक्षणं असली तर दोषी, नसली तर जास्त दोषी.

तोडगा काकांनीच काढला. गादी भरा, झोपा, पण सकाळी कड्यावर नेऊन हवा दरीत सोडा.

"काका, कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. टोपी टाकली तर परत येते. हवा आपल्याच तोंडावर येईल."

मला वाटलं, जिंकलो. नागाच्या फण्यासारखा तो आत वळलेला कडा आणि त्यावरून उलटा वर येणारा वारा. निसर्गच माझ्या बाजूने साक्षीला आला होता. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग मावशींच्या मुलाला हाक मारून विचारलं, "दादा, कड्यावरचा वारा कधी पडतो रे?"

"पहाटं पाचाला जरा बरा असतो," तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला.

झालं. पाच वाजता, असं ठरलं.

गुरू-शनीची युती बाकी छान दिसली. अंधार पडताना नैर्ऋत्येला खाली दोन ठिपके, चंद्राच्या बिंबाच्या रुंदीहूनही जवळ. काका शील्ड वर करून बघत म्हणाले, "तिथेही गर्दी." मी म्हणालो, दिसायला जवळ आहेत, प्रत्यक्षात दोघांमध्ये सत्तर कोटी किलोमीटरहून जास्त अंतर आहे. काका प्रसन्न झाले. "हां," म्हणाले. "असं पाहिजे."

इथवर मी हसत होतो. मग जेवायला बसलो.

मावशींच्या माळ्यावर चादरी-सतरंज्यांची चळत होती, छताला टेकलेली. पूर्वी गडावर आलं की त्याच मिळायच्या, माणशी एक सतरंजी आणि दोन चादरी, पन्नास-साठ रुपयांत. "आता कोन मागत न्हाई," मावशी म्हणाल्या. "समदे आपापलं आनतात." आम्हीही आणलं होतं. ताटंसुद्धा घरून. आमच्यातल्या एकाने मावशींच्या हातातल्या उलथन्यावर सॅनिटायझर मारला. गरम होतं ते. मावशींनी हात मागे घेतला आणि काही बोलल्या नाहीत. आम्ही प्रत्येकाने नियमाप्रमाणे वीस-वीस सेकंद हात धुतले, धार चालू ठेवून. ते पाणी मावशी टाक्यावरून डोक्यावर आणतात, दोन हंडे एका वेळी. चौघांच्या हात धुण्यात एक हंडा गेला. मीही धुतले. कोपरापर्यंत.

एप्रिलमध्ये गावाने खालच्या रस्त्यावर काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली होती. नंतर पावसाळा असाच गेला; आमच्यासारखे कुणी आले नाहीत, म्हणजे वरची कमाई शून्य. हे मावशी तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. पिठलं ढवळता ढवळता त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, आमच्याकडं न्हाई झाला वो कुनाला. तो तुमच्याकडंच हाये ना?"

फेस शील्ड काकांनी घातली होती. मावशींनी तोंडाला पदर धरला होता, तोही चुलीच्या धुरासाठी. कुणी कुणाला घाबरायला हवं होतं याचा हिशेब त्या अंगणात साफ उलटा लागला होता आणि टेप घेऊन फिरणाऱ्या माणसालाही ते दिसत नव्हतं. मला दिसलं असा माझा दावा नाही. मी दुसरी भाकरी मागितली. निघताना पैसे ठरल्याप्रमाणेच दिले, एका चादरीचेसुद्धा जास्त नाहीत. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

रात्री सात-आठ अंश असावेत. प्रमाणित स्त्री झोपली नसती, मीही झोपलो नाही. ममीच्या आकाराच्या बॅगेत हात अंगाला चिकटलेले, नाक तेवढं बाहेर. डास चावला तरी भुवईनेच हाकलावा लागतो. सहा फुटांवर काका घोरत होते. मास्क न लावता. एका घोरण्यात किती लिटर हवा बाहेर पडते, हे त्यांना सकाळी विचारायचं मी ठरवलं.

पण सकाळी त्यांनीच मला उठवलं, काठीने, लांबून. पावणेपाच. गादी बॅगेखालून ओढून काढली तेव्हा ती माझ्या उबेने कोमट होती. ही एवढी ऊब रात्रभर जमवलेली! ती डोक्यावर घेतली आणि निघालो. पुढे मी, मागे टॉर्च घेऊन काका. वारा पडला होता म्हणे. पण सहा फुटी गादी डोक्यावर घ्या आणि मग सांगा वारा पडलाय का. दोनदा मी आडवा चालत गेलो. बाजूच्या तंबूतून कुणीतरी डोकं काढलं, गादी बघितली, मागचा टॉर्च बघितला आणि कुणीतरी गेलं असं समजून हात जोडले.

कड्याच्या बरंच अलीकडे मी पालथा झोपलो, कारण तिथे उभं राहायचं नसतं एवढी अक्कल शिल्लक होती. गादी पुढे धरली, व्हॉल्व्ह उघडला. त्या शांततेत जो आवाज झाला त्याचं वर्णन मी घरच्या मंडळींसमोर करू शकत नाही. तो लांबलचक होता आणि दरीतून त्याचा प्रतिध्वनी आला.

"पिळा!" मागून काका ओरडले. "शेवटचा थेंब काढा!"

मी पिळली. खालून वाऱ्याची एक झुळूक वर आली आणि सगळं थेट माझ्या तोंडावर परत आलं. पिठल्यातल्या लसणाचा वास होता. म्हणजे वास येत होता. एवढंच काय ते समाधान.

उतरून दुपारी पाचनईत जीप धरली. मागे दहा जणांची जागा, आम्ही चौदा. सहा फूट सोडा, सहा बोटं नव्हती. माझ्या शेजारी कोण बसलं असेल हे सांगायला नको. शील्ड पिशवीत, मास्क हनुवटीला, टेप माझ्या बरगडीत. जीप सुटली तशी काकांनी हात लांब करून माझ्या बाजूची काच ओढून घेतली.

"बंद असू द्या," म्हणाले. "हवा फार बोचते."

आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपले. त्यांचा श्वास माझ्या डाव्या कानात येत होता. मी घड्याळ लावून मोजले, मिनिटाला पंधरा. राजूर गाव यायला सव्वा तास लागला. बावीसने भागलं तर काकांनी माझ्या कानात एक्कावन्न गाद्या भरल्या.