दुपारच्या नमुन्यावर निकाल नको

हिरवट तलाव हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, हे तलावांतल्या वायूंवरच्या लेखातलं म्हणणं दिवसापुरतं ठीक. पण त्यातले पाण्याचे नमुने भर दुपारचे आहेत, तेव्हा शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण जोरात असतं. तोच तलाव पहाटे मोजा, गणित उलटंही येईल, तलाव वायू सोडताना दिसेल. १९९४ साली कोल या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १,८३५ तलावांची आकडेवारी मांडली होती. ८७ टक्के नमुन्यांत हा वायू हवेच्या तुलनेत जास्तच भरलेला होता.

शिवाय खरी गोची नमुना घेतानाच होते. सिरिंजमध्ये निम्मं पाणी, निम्मा वायू घेऊन दोनेक मिनिटं जोरात हलवायचं, म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू वर उतरतो, आणि तो वरचा वायू गॅस क्रोमॅटोग्राफला (वायूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला) द्यायचा, एवढीच पद्धत. पण पाणी भरताना बुडबुडा राहिला किंवा तापमान टिपायचं राहिलं, की आकडा गेला कामातून!

आणि तलावातून निघणारा दुसरा वायू, मिथेन? तो पाण्यात विरघळतोच कमी. उथळ भागात गाळातून थेट बुडबुड्यांनी वर येतो, सिरिंजला सापडतच नाही. त्यासाठी पाण्याखाली उलटं नरसाळं टांगून ठेवावं लागतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. मूळ आकडे, नमुन्याची वेळ आणि वाऱ्याचा वेग यांसकट देता येतील का?