तक्रार फेटाळली गेली, तरी सूडाचा प्रश्न उरतोच

नमस्कार. नोकरीतील भेदभावाची तक्रार केली म्हणून मालकाने कर्मचाऱ्यावर घेतलेल्या सूडाबद्दलचा माझा लेख वाचून आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की मूळ भेदभावच सिद्ध झाला नसेल तर सूडाच्या दाव्याला आधार कशाचा. आणि असे दावे मान्य करून अमेरिकी कायद्याने कामचुकार माणसाच्या हाती ढाल दिली आहे.

पहिला मुद्दा मला मान्य नाही. 1964च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणात भेदभावाला मनाई करणारे कलम वेगळे आहे आणि तक्रारदाराला संरक्षण देणारे कलम वेगळे. वरिष्ठांकडे तक्रार करणाऱ्याने भेदभाव सिद्धच केला पाहिजे अशी अट नाही. आपल्यावर बेकायदा अन्याय होत आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असावे आणि तसे वाटणे वाजवी असावे, एवढे पुरते. याचे कारण उघड आहे. हा कायदा चालतो तो मुख्यतः तक्रारींवर, आणि हरलो तर नोकरीही जाईल अशी धास्ती असेल तर खरी तक्रारसुद्धा कोणी करणार नाही.

‘बर्लिंग्टन नॉर्दर्न विरुद्ध व्हाइट’ हा 2006चा निकाल मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. रेल्वेत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका महिलेने वरिष्ठाच्या वागणुकीबद्दल तक्रार केली. तिला रुळांवरच्या अधिक कष्टाच्या कामावर पाठवण्यात आले आणि पुढे 37 दिवस बिनपगारी निलंबित करण्यात आले. नंतर तिला कामावर परत घेऊन बुडालेला पगारही देण्यात आला, तेव्हा नुकसान झालेच कुठे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही. एखाद्या समंजस कर्मचाऱ्याला तक्रारीपासून परावृत्त करू शकेल अशी कोणतीही गंभीर प्रतिकूल कारवाई सूड ठरू शकते, अशी कसोटी न्यायालयाने घालून दिली. महिनाभराहून अधिक काळ पगाराविना घर चालवावे लागणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले आहे त्याला ही कसोटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ढालीबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे, पण ती ढाल आपल्याला वाटते तेवढी भक्कम नाही. तक्रार केली नसती तर ही कारवाई झालीच नसती, हे कर्मचाऱ्याला दाखवावे लागते. त्याच न्यायालयाच्या 2013च्या ‘नासार’ निकालाने ही अट पक्की केली. तक्रारीच्या आधीपासून कामातल्या चुकांची नोंद असेल, तर मालकाला त्या आधारे कारवाई करता येते. माझा अनुभव असा, की अडचण येते ती अशा नोंदी तक्रारीनंतर अचानक सुरू होतात तेव्हा.

मात्र ‘तक्रारीनंतर कोणालाही काढता येत नाही’ हे माझे मूळ लेखातील विधान चुकीचे होते. आपण ते नेमके पकडलेत. आज ते दुरुस्त करत आहे.