आयडलला काळा धूर, बूस्टवर मिसिंग: तुमच्या एका स्टारला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रार थोडक्यात अशी: जिप्सीच्या १.३ इंजिनवरच्या टर्बो बग्गीचं ट्यूनिंग आमच्याकडे झालं, दीड महिन्यात आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) काळा धूर सुरू झाला, बूस्टवर (टर्बो जादा हवा कोंबतो तेव्हा) हिसके बसतात आणि नेमका तेव्हाच गेज लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दाखवतो, शिवाय चिखलात एकदम रेस दिली की इंजिन गुदमरतं. ‘अर्धवट मॅप टाकला, पैसे परत करा’, असं तुमचं म्हणणं. (मॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली, ईसीयूमधली, पेट्रोलच्या कोष्टकांची फाइल.) तुम्ही पाठवलेले दोन्ही लॉग (चालत्या इंजिनच्या नोंदी) आणि प्लगचे फोटो नीट पाहिले. तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. त्यातलं एक आमचं, म्हणून ते आधी.

थ्रॉटल झटक्यात उघडला की हवा लगेच आत जाते, पेट्रोलचा काही भाग मात्र पोर्टच्या भिंतीला चिकटून मागे राहतो. ती तूट भरायला ईसीयू क्षणभर जादा पेट्रोल सोडतो. ते प्रमाण आम्ही डायनोवर (गाडी जागेवरच चालवून मोजायचं यंत्र), गरम इंजिनवर ठरवलं. तुमच्या लॉगमध्ये २००० ते २५०० आरपीएमला थ्रॉटल १० वरून ६० टक्क्यांवर जाताना लॅम्डा (१ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर, वर गेला की लीन, खाली आला की रिच) पाव सेकंद १.२५ पर्यंत चढतो. हे कमीच पडलंय. मातीत, चाकांवर ओझं असताना चालवून बघायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही. हे काम विनामूल्य करून देऊ.

धुराचं तसं नाही. ट्यूनिंगच्या दिवशी गाडीत होता तो पंप आज गाडीत नाही. नंतर ताशी २५५ लिटरचा पंप बसवला, असं तुम्हीच लिहिलंय. रिटर्न लाइन मात्र तीच जुनी, बारीक. आयडलला इंजिन जेमतेम पेट्रोल घेतं, बाकी सगळं परत टाकीत जायला हवं. पाइप तेवढं सोडत नाही, मग रेग्युलेटर (प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) कितीही उघडला तरी रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) प्रेशर खाली येत नाही. तुमच्या फोटोत व्हॅक्यूमची नळी लावलेली असो वा काढलेली, प्रेशर गेज ३.८ बारवरच आहे. नळी काढल्यावर ३.० आणि लावल्यावर साधारण २.४ ते २.५ दिसायला हवं. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपमधला) व्हॅक्यूम धरला तर इंजेक्टरवर सध्या ४.३ बारच्या आसपास फरक पडतोय, म्हणजे तेवढ्याच पल्समध्ये (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळात) सुमारे २० टक्के जास्त पेट्रोल. क्लोज्ड लूपला (सेन्सर बघून ईसीयू स्वतः पेट्रोल कमी-जास्त करतो त्याला) आम्ही १० टक्क्यांपर्यंतच मोकळीक ठेवलीय. ती संपली की धूर. मायलेज पडलं त्याचंही कारण हेच. उपाय: आतून किमान ८ मिमीची रिटर्न लाइन टाका, नळी काढून रेग्युलेटर पुन्हा ३.० ला लावा. यासाठी मॅपला हात लावू नका.

आता बूस्टवरचे हिसके. इथे गेजने तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही एकटे नाही. बरीच टर्बो इंजिनं याच चुकीने रिच (जादा पेट्रोलची) होत जातात. वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही (हेच मिसिंग), तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि गेज म्हणतो ‘लीन’. ५२०० आरपीएम, १६५ किलोपास्कल मॅनिफोल्ड प्रेशरला तुमचा लॅम्डा ०.८० वर स्थिर आहे, मधेच १.१५ ला उडी मारतो आणि लगेच परत येतो. इंजेक्टरची पल्स हललेली नाही, प्रेशरही नाही. पेट्रोल खरंच कमी पडत असतं, तर लॅम्डा ०.८० वरून ०.८५, ०.९० असा चढत गेला असता आणि सोबत रेलचं प्रेशर उतरलं असतं. इंजेक्टर लहान पडले म्हणावं तर ६००० ला पूर्ण सायकल २० मिलिसेकंदांची असते, तुमची पल्स ११ आहे. म्हणजे ५५ टक्के. ८५ पर्यंत आपण काळजी करत नाही.

फोटोत प्लगचा गॅप १.१ मिमी आहे. आम्ही ०.६५ ठेवला होता. बूस्टमध्ये दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, १.१ च्या गॅपला ती विझते. नवे प्लग डब्यातून काढून तसेच बसवले गेले असावेत. (गॅपचा आकडा बिलावर लिहून द्यायला हवा होता, आता देतो.) त्यानंतर कुणीतरी लॅपटॉप लावून बूस्टच्या रकान्यांत १० टक्के पेट्रोल वाढवलं, हे दुसऱ्या लॉगमध्ये दिसतं. ओल्या, काजळलेल्या प्लगवर ठिणगी आणखी मरते, म्हणून मिसिंग वाढलं. एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे), रेझिस्टर असलेलेच प्लग घ्या. बिनरेझिस्टरच्या प्लगने ईसीयूच्या सिग्नलमध्ये गोंधळ होतो. गॅप फीलर गेजने ०.६५ करा आणि आमची मूळ फाइल परत टाका.

तुमच्या मित्राने सुचवल्याप्रमाणे ई२० साठी (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) गेजवर वेगळा आकडा धरू नका. गेज पेट्रोलच्या स्केलवरच बोलतो. ई२० वरही लॅम्डा १ ला तो १४.७ च (एका भाग पेट्रोलला हवेचे भाग) दाखवणार. मॅप ई२० वरच बनवलाय.

एक खरा लीनही आहे, ज्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या लॉगच्या शेवटी, लांब चढावर, लॅम्डा सावकाश ०.९२ पर्यंत जातो आणि प्रेशर ३.७ वरून ३.१ वर येतं. टाकीत पेट्रोल कमी असताना पंप हवा ओढतोय. दीड लिटरची सर्ज टँक (पंपाला सलग पेट्रोल मिळावं म्हणून मधली छोटी टाकी) बसवा. पिस्टन जळतो तो या लीनने, मिसिंगच्या उड्यांनी नाही.

पूर्ण पैसे परत देणार नाही, कारण मूळ फाइल बूस्टवर बरोबर आहे. रिटर्न लाइन आणि प्लग झाले की गाडी आणा, मातीतलं ट्यूनिंग आणि नवा लॉग आमच्याकडून. तोवर बूस्टमध्ये नेऊ नका. आणि येण्याआधी डिपस्टिकचा वास घ्या: पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच गाडी चालवा.