मिनिटभराचा निकाल आणि त्याआधीचे तास

खिशात मावणारा प्रकाशीय बायोसेन्सर (प्रकाशाच्या मदतीने जिवाणू ओळखणारे उपकरण) अन्नावर धरला की मिनिटभरात साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे आजार घडवू शकणारे जिवाणू सापडतात, मोबाइलचा कॅमेराही त्यासाठी पुरतो, निकाल स्वच्छ आला की अन्न निर्धोक समजावे आणि प्रयोगशाळेतली संवर्धन चाचणी, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची पद्धत, आता कालबाह्य झाली आहे, असा दावा बराच फिरतो आहे. अशी उपकरणे खरोखर आहेत आणि त्यांची प्रगतीही कौतुकास्पद आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर नसलेले गुण खपवणे अधिक खटकते.

आधी ‘अन्नावर धरला की’ हे पाहू. पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद या तंत्रात सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरावर प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक जिवाणूला पकडणारी प्रथिने, बसवलेली असतात. त्यांना जिवाणू चिकटला की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक बदलतो आणि परावर्तित प्रकाश ज्या कोनात सर्वांत मंद होतो, तो कोन सरकतो. हा प्रभाव सोन्यापासून जेमतेम २००-३०० नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, तर जिवाणूची लांबी एक-दोन मायक्रोमीटर असते; म्हणजे चिकटलेल्या पेशीचाही बराचसा भाग सेन्सरच्या आवाक्याबाहेर राहतो. पदार्थाच्या आत दडलेली पेशी तर त्याच्या लेखी नसतेच. त्यामुळे नमुना द्रवात घुसळणे, गाळणे आणि चिपवरून वाहू देणे टळत नाही.

खरी मेख ‘मिनिटभरात’ या शब्दात आहे. साल्मोनेलासाठीचा प्रचलित निकष २५ ग्रॅम नमुन्यात तो मुळीच आढळू नये असा असतो, आणि हा नमुना २२५ मिलिलिटर पोषक द्रवात मिसळतात. समजा, एवढ्या सगळ्यात एकच जिवंत पेशी आहे आणि चिपवर १० मायक्रोलिटरचा थेंब जातो. ती पेशी नेमकी त्या थेंबात असण्याची शक्यता सुमारे २५,००० मध्ये एक. थेंबात जे नाही, ते कितीही संवेदनशील यंत्राला दिसणार कसे? शिवाय अनेक सेन्सरना खात्रीने ओळख पटण्यासाठी दर मिलिलिटरमागे हजारो पेशी लागतात. एका पेशीपासून मिलिलिटरमागे १०,००० पर्यंत पोहोचायला जिवाणूंची संख्या एकवीस-बावीस वेळा दुप्पट व्हावी लागते. दर २० मिनिटांनी दुप्पट होण्याचा आदर्श वेग धरला तरी सात तास जातात, आणि उष्णतेने किंवा गोठण्याने दुखावलेली पेशी वाढीला लागण्यापूर्वीच आणखी वेळ घेते. चुंबकीय मण्यांनी पेशी गोळा करून यातले काही तास वाचवता येतात, सगळे नाही. जाहिरातीतले मिनिट हे सारे उरकल्यावर सुरू होते.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: मोबाइल चांगला प्रकाशशोधक आहे, पण भिंग, प्रकाशगाळणी, चिप आणि रसायने यांच्याविना तो फक्त अन्नाचा फोटो काढतो. त्यातही दुधातले रायबोफ्लेविन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवे चमकते आणि हिरव्या रंगद्रव्याने खूण केलेल्या जिवाणूंचा क्षीण संकेत त्यात हरवू शकतो. म्हणून शोधमर्यादेचा, म्हणजे सेन्सरला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाचा, आकडा शुद्ध बफरमधला (प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणातला) आहे की खऱ्या पदार्थातला, हे आधी पाहावे.

‘निकाल स्वच्छ म्हणजे अन्न निर्धोक’ हे तर धोक्याचे विधान आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे विष उकळल्यावरही टिकते. जिवाणू मेलेला असतो, आजार मात्र होतो. उलट, प्रतिपिंड मृत पेशीलाही चिकटते, त्यामुळे नीट शिजवलेल्या पदार्थातही सेन्सर धोका दाखवू शकतो. (याच दाव्यात कधी कधी एटीपी (पेशींतला ऊर्जा पुरवणारा रेणू) मोजणारा मापकही घुसडला जातो. काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या विकरावर चालणारे ते उपकरण पृष्ठभागाची स्वच्छता झटपट तपासते, परंतु एटीपी जिवाणूचा की अन्नकणाचा, हे त्याला सांगता येत नाही.)

राहिला संवर्धन कालबाह्य झाल्याचा मुद्दा. सेन्सरने ‘आहे’ म्हटले तरी जिवाणू हाती लागत नाही. तो कोणत्या प्रतिजैविकांना दाद देतो आणि त्याचा जनुकक्रम रुग्णांमध्ये सापडलेल्या जिवाणूशी जुळतो का, हे तपासायला साधारणपणे वाढवलेली शुद्ध वसाहत लागते. रात्रभर वाढवलेल्या नमुन्यावर सेन्सर चालवावा, त्यात काही न आढळलेला माल लवकर मोकळा करावा आणि संशयित नमुने संवर्धनाकडे पाठवावेत, ही विभागणी मला रास्त वाटते. एवढ्यानेही साठवणुकीचे काही दिवस वाचतात.