हार्वर्डचं कोटेशन

माझी वाचनयादी काल तिसऱ्यांदा परत आली. या वेळी वर हिरव्या शाईत शेरा होता: 'तीन कोटेशन जोडून फेरसादर करावे.' हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्यांची असते असा माझा आजवरचा समज. आमचे भाऊसाहेब एका खासगी एमबीए कॉलेजच्या लेखा विभागात बसतात. त्यांना राजपत्रात कोणी घातलं कळायला मार्ग नाही. पण शेरा असा ठसठशीत, की सहावीत गणिताची वही परत मिळायची तेव्हा पोटात जे व्हायचं, ते पन्नाशीत पुन्हा झालं.

विषय 'मॅनेजमेंट कन्सल्टिंग', म्हणजे कंपन्यांना कारभाराचा सल्ला विकायचा धंदा. तिसरं सत्र, ऐच्छिक, ३० तास, ६२ पोरं. मी तासिका तत्त्वावरचा मास्तर, म्हणजे ज्याला कॉलेजात खुर्ची नसते पण सही सगळीकडे करावी लागते. "पोरांनी काय वाचायचं ते तुम्हीच ठरवा सर, फुल फ्रीडम," असं विभागप्रमुख जूनमध्ये म्हणाले होते. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

यादी पहिल्यांदा परत आली ती पुस्तकं म्हातारी आहेत म्हणून. मानांकनाच्या फायली सांभाळणाऱ्या मॅडमचं म्हणणं, पुस्तकं गेल्या पाच वर्षांतलीच हवीत. आता या धंद्याचा मूळपुरुष फ्रेडरिक टेलर. त्याने १८९३ साली स्वतःच्या कार्डावर 'कन्सल्टिंग इंजिनिअर' असं छापून घेतलं आणि १९११ साली पुस्तक लिहिलं. नवी आवृत्ती निघेल, नवा टेलर कुठून आणू? त्या पुस्तकात बेथलहेम स्टीलच्या आवारातला एक हमाल आहे, टेलरने त्याचं नाव श्मिट ठेवलंय. तिथला माणूस दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहायचा. टेलरने श्मिटला कधी उचल आणि कधी बस हे सांगत सांगत ४७ टनांवर नेलं, आणि मजुरी १.१५ डॉलरची १.८५ केली. काम जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीहून थोडे जास्त. हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं वहीत 'एफिशियन्सी' लिहून घेतात आणि मला गेल्या सत्राचं मानधन आठवतं. ते अजून आलेलं नाही. श्मिटला निदान मिळाले तरी.

टेलर यादीतून गेला. मग पीटर्स आणि वॉटरमन. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीतल्या या दोघांनी १९८२ साली अमेरिकेतल्या ४३ उत्तम कंपन्या निवडून त्या उत्तम का, यावर पुस्तक लिहिलं आणि ते धो धो खपलं. दोनच वर्षांत 'बिझनेसवीक'ने मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'ऊप्स!' छापलं, कारण त्यातल्या बऱ्याच कंपन्यांची तब्येत तोवर बिघडली होती. मी हे मॅडमना मोठ्या रंगात येऊन सांगितलं.

"मग सर, चुकीचं पुस्तक कशाला लावताय?"

"म्हणूनच लावतोय. सल्लागार कसा चुकतो ते कळायला."

त्यांनी समोर 'रिमूव्ह' लिहिलं. मला वाटतं ती या सगळ्या यादीतली एकमेव जागा होती जिथे पोरांना खरंच काही शिकता आलं असतं, पण जाऊ दे. नाही, जाऊ दे असं म्हणवत नाहीये, पण पुढे सांगायचंय.

दुसऱ्यांदा परत आली ती दोन कारणांनी. एक, मी उद्दिष्टात 'विद्यार्थ्यांना सल्लागाराचं काम समजेल' असं लिहिलं होतं. 'समजेल' चालत नाही. बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी १९५६ साली शिकण्याच्या पायऱ्या लावून ठेवल्या, आणि आता त्यातून निघालेला क्रियापदांचा एक तक्ता प्रत्येक कॉलेजात भिंतीवर असतो. समजणं मोजता येत नाही म्हणून ते बाद. विद्यार्थी वर्णन करू शकेल, वर्गीकरण करू शकेल, मूल्यमापन करू शकेल, फक्त त्याला समजता कामा नये. तसं बघितलं तर हे उद्दिष्ट आम्ही दरवर्षी गाठतो.

दुसरं कारण, यादीत भारतीय ज्ञान परंपरा नाही. इथे मात्र मी खूश झालो. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', म्हणजे मराठेशाहीतला राजनीतीवरचा ग्रंथ, घातलं, साहुकारांवरचं प्रकरण. घरी येऊन नीट वाचलं तर त्यात पंत बजावतायत की हे इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी, खाडीकाठी देऊ नये, आत मुलखात द्यावी. आणि माझी यादी? मॅकिन्सी, बूझ, बोस्टन कन्सल्टिंग, आर्थर डी. लिटल. सगळे टोपीकर, आणि सगळ्यांना मी ऐन खाडीच्या तोंडावर जागा दिलेली. हा विरोधाभास कोणाच्या लक्षात आला नाही, कारण 'आज्ञापत्र' आहे की नाही एवढंच तपासायचं होतं. चौकटीत टिक झाली. यादी पुढे सरकली आणि भाऊसाहेबांकडे गेली.

भाऊसाहेबांचं टेबल जिन्याखाली आहे. वर काच, काचेखाली बालाजी, पंचांगाचं पान आणि एका जुन्या प्राचार्यांचा फोटो, ज्यांना हार घातलेला नाही पण त्याची वाट बघत असल्यासारखे दिसतात. मी समोर उभा राहिलो. बसायला स्टूल होतं, त्यावर फायली बसल्या होत्या.

"भाऊसाहेब, हे तीन कोटेशनचं काय?"

"वाचनसाहित्य खरेदी आहे ना सर? खरेदी म्हटली की तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता आणि कमीत कमी दर."

"पण यादीतलं हे साहित्य हार्वर्डचं आहे. हार्वर्डकडेच मिळतं."

"असं प्रत्येक जण म्हणतो. मागल्या वर्षी वॉटर कूलरवाला पण म्हणाला होता."

"कूलरची गोष्ट वेगळी."

"तुम्हाला वेगळी. ऑडिटला नाही." मग त्यांना माझी दया आली. "एक वाट आहे. एकमेव उत्पादक असेल तर एकच कोटेशन चालतं. हार्वर्डकडून लेटरहेडवर लिहून आणा की हा माल आमच्याशिवाय कोणी बनवत नाही. खाली सही आणि शिक्का. शिक्का गोल पाहिजे, चौकोनी नको."

बोस्टनला चार्ल्स नदीच्या काठी कोणी प्राध्यापक ड्रॉवरमध्ये गोल शिक्का शोधतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, अवघड आहे.

"तसा माल काय आहे?"

"केस."

"कोर्टाची?"

"नाही हो. केस म्हणजे एखाद्या संस्थेची हकीकत. पोरं वाचतात, वर्गात चर्चा करतात, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं वगैरे. ही डबेवाल्यांवर आहे."

भाऊसाहेबांनी हिरवं पेन टेबलावर ठेवलं. टोपण लावून ठेवलं. गेल्या चार वर्षांत मी हे प्रथमच पाहिलं.

"कुठले डबेवाले?"

"मुंबईचे."

"सर, माझे सासरे ३१ वर्षं डबे टाकत होते. पार्ल्यातून उचलायचे, फोर्टात पोचवायचे. आम्ही खेडचे ना, राजगुरुनगर. आमच्याकडे घरटी एक माणूस त्या धंद्यात." ते खुर्चीत मागे रेलले. "काय लिहिलंय त्यात?"

मी सांगितलं. डब्यावर रंगाने खुणा असतात, त्यावरून कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर ते कळतं...

"हे मला माहितीय."

गट असतात, गटाचा मुकादम असतो, गटात मिळकत सारखी वाटली जाते...

"सारखी नाही सर. सारखीच, पण सासऱ्यांना सायकल स्वतःची होती. तिचं पंक्चर कोण काढणार, यावरून मुकादमाशी सहा महिने अबोला होता. ते आहे का त्यात?"

"नाही."

"मग पुढच्याला काय कळणार?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "प्रिन्स चार्ल्सचं आहे? २००३ साली तो चर्चगेटला आला होता डबेवाल्यांना भेटायला. सासरे त्या दिवशी तापाने पडले होते. सासूबाईंनी जाऊ दिलं नाही. अजून जेवताना विषय निघतो. पुढे त्याच्या लग्नाला दोन डबेवाले लंडनला गेले. सासरे म्हणतात, त्या दिवशी मी गेलो असतो तर तिसरा मी असतो. सासूबाई म्हणतात, गेला असतात तर वर गेला असतात."

मागे माझ्यासारखेच दोन जण बिलं घेऊन उभे होते. त्यातला एक हसला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने आपलं बिल घडी करून परत खिशात ठेवलं.

"आणि याचे पैसे?"

मी दर सांगितला. एका पोराला एक प्रत, डॉलरमध्ये. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, ६२ ने गुणलं, मग डॉलरच्या भावाने गुणलं, मग जीएसटीपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"एवढे पैसे डबेवाल्यांना मिळतात?"

"नाही, हार्वर्डला."

"एक प्रत आणा, बाकी झेरॉक्स."

"तसं चालत नाही."

"चालतं. दिल्लीला चाललंय." आणि त्यांनी फोन काढून मला व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर वाचून दाखवला. यातला वैताग असा, की माणूस अर्धवट बरोबर होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खरंच सांगितलंय की विद्यापीठाच्या झेरॉक्सवाल्याने पोरांसाठी पुस्तकांतली नेमलेली पानं एकत्र करून दिली तर त्याला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातली, कलम ५२ची शिक्षणाची सवलत मिळते. बड्या प्रकाशकांनी २०१२ साली केलेला दावा होता तो. पण इथे आपण खरेदी करताना 'एका पोराला एक प्रत' या अटीवर होकार देणार, त्याचं काय, हे मी समजावू लागलो. म्हणजे विद्यार्थ्याला जे करायला बंदी आहे, ते भाऊसाहेबांनी करावं अशी माझी अपेक्षा होती.

"एवढं कशाला? सासऱ्यांनाच बोलवा वर्गात. शाल, श्रीफळ, जायचं-यायचं भाडं. पोरं प्रश्न विचारतील, ते उत्तरं देतील. हार्वर्ड उत्तरं देतं का?"

मी गप्प झालो. कारण ही कल्पना चांगली होती, आणि ती माझी नव्हती. सल्लागारीत याला फार महत्त्व असतं.

घरी जाताना बसमध्ये मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग आला. दिवाळीची सुट्टी घालवून मी यादी केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने काढलेला, मिलान कूब्रने संपादित केलेला ग्रंथाचा ठोकळा आहे, या विषयाचं बायबल, नऊशेच्या आसपास पानं. त्यातली कुठली साठ लावायची हे ठरवायला मी तो सबंध पुन्हा चाळला. आमच्या लायब्ररीत त्याची एक प्रत आहे. ती काचेच्या कपाटात असते, कपाटाला कुलूप असतं, आणि मानांकनाची समिती येणार असली की ती काढून फडक्याने पुसून टेबलावर ठेवतात. पान उघडलं की अजून कडकड वाजतं. आणि एवढं सगळं ज्यांच्यासाठी, त्यांच्या ग्रुपवर माझ्या यादीखाली पहिला प्रश्न आला: 'सर पीपीटी कधी पाठवणार?' दुसरा: 'सर यातलं परीक्षेला किती?' तिसऱ्याने नुसता अंगठा दिला, तो मी अजून उत्तेजन समजतोय. तीन महिन्यांत ही यादी पाच टेबलांवरून फिरली. पुस्तकाचं साल विचारलं गेलं, क्रियापद विचारलं गेलं, दर, शिक्का, जीएसटी विचारलं गेलं. तू हे का निवडलंस, असं एकाही इसमाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो हे मी बसमध्ये मनातल्या मनात बोलून बघितलं. चांगलं बोललो. स्टॉप पुढे गेला.

आज सकाळी हट्टाने पुन्हा जिन्याखाली गेलो. म्हटलं, भाऊसाहेब, केस मी माझ्या पैशाने घेतो, एकच प्रत, मी वाचून सांगेन. तुम्ही सासऱ्यांना विचारा, पुढच्या गुरुवारी अकराला.

त्यांचा चेहरा उजळला. खण उघडून एक कोरा फॉर्म काढला, 'अतिथी व्याख्याता निमंत्रण', आणि माझ्यापुढे सरकवला. नाव, शिक्षण, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने ३१ लिहिलं. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त सर, तीन नावं लागतील."

"कशाला? तुमचेच सासरे आहेत ना?"

"म्हणूनच. उद्या ऑडिटने विचारलं, नातेवाईक कसा नेमला, तर मी काय सांगू? तीन डबेवाल्यांची मानधनाची कोटेशनं जोडा. तिघं खेडचे असले तरी हरकत नाही." हिरव्या पेनाचं टोपण निघालं होतं. "बाकीच्या दोघांचा दर तेवढा सासऱ्यांपेक्षा जास्त येईल, हे बघा."