गंजासकट पत्करलेली गाडी

ज्या मोटारीला बाहेरून दाराची मूठ नाही आणि डिकीला झाकण नाही, ती घेणाऱ्याबद्दल शेजारीपाजारी काय बोलत असतील याची मला पुरेपूर कल्पना आहे. ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९५८चं पहिलं मॉडेल. बॉनेटवर डोळे वटारून बसलेल्या दिव्यांमुळे सगळे तिला ‘फ्रॉगआय’ म्हणतात. दार उघडायचं तर साइडस्क्रीनमधून, म्हणजे दारावरच्या काढत्या-घालत्या खिडकीतून, हात घालून आतली कडी चाचपायची. स्टेपनी हवी तर सीटची पाठ पुढे पाडायची, मुंडकं आत खुपसायचं आणि सरपटायचं. स्टेपनी मिळते, पण बाहेर येताना कंबर धरते. ते दिवे खरं तर मिटणारे असायचे होते. खर्च वाढतो म्हणून तसेच उघडे राहिले. पुढचा बंपरसुद्धा जादा पैसे मोजल्यावर मिळायचा!

अशी गाडी मूळ रंगात, मूळ पत्र्यात दिसली रे दिसली की पहिला सल्ला येतो, ‘रिस्टोअर करून टाका.’ तशा गाड्या पाहिल्यात मी. दाराच्या फटी चहूबाजूंनी सारख्या, रंगात आपलं तोंड दिसतं. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून इतकी देखणी स्प्राइट एकही बाहेर पडली नसेल. पण रुखवतातल्या ताटासारखी तिची गत: बघा, हात लावू नका. उलट न रंगवलेल्या गाडीत दाराच्या काठावर कोपर टेकून टेकून जिथला रंग उडालाय, बरोबर तिथेच आपलंही कोपर जाऊन बसतं. नवा ओरखडा पडला तर तो जुन्यांत मिसळून जातो. मनःशांतीचा इतका स्वस्त मार्ग मला दुसरा माहीत नाही.

स्वस्त म्हणजे मनाला. शरीराला नाही. किल्ली फिरवून ही सुरू होत नाही. किल्लीने फक्त इग्निशन चालू होतं. मग चोक ओढायचा आणि सेल्फची वेगळी मूठ खेचायची. नाहीच झाली सुरू, तर बॉनेट उचला. इथे बॉनेट म्हणजे दिवे-मडगार्डांसकट गाडीचा सगळा पुढचा भाग, बिजागऱ्या काचेकडच्या बाजूला. टेकू नीट बसला नाही आणि वारा आला, तर तो सगळा भाग मानेवर येतो. आत ९४८ सीसीचं, ४३ अश्वशक्तीचं इंजिन. संशयित बहुधा पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क. डिस्ट्रिब्यूटरचं (ठिणगी वाटणाऱ्या डबीचं) झाकण काढा, पॉइंटची टाच आतल्या फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा आणि फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, ०.३८ मिमी फट लावा. कॅमवर ग्रीसचा पुसट हात द्यायला विसरलात तर टाच झिजते, फट मिटत जाते, टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, आणि गाडी चढावर कण्हू लागते. ॲक्सिलरेटर दाबताच अडखळत असेल, तर दोन्ही एसयू कार्बोरेटरांची वरची टोपी फिरवून डॅशपॉटमध्ये, म्हणजे टोपीखालच्या नळीत, तेल आहे ना ते बघा. त्या तेलामुळे कार्बोरेटरातला पिस्टन सावकाश उठतो आणि मिश्रणात क्षणभर पेट्रोल वाढतं. तेल नसेल तर ऐन चौकात गाडी विचारात पडते.

इंजिनच्या मागून ऑइल ठिबकतं, ते मात्र दुरुस्तीला काढू नका. तिथे रबरी सीलच नाही. क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर, कोरलेले आटे फिरता फिरता ऑइल परत आत ढकलतात. इंजिन थांबलं की आटेही थांबतात. खाली पुठ्ठा ठेवावा आणि गप्प बसावं.

आता जिथे भावनेला थारा द्यायचा नाही त्या गोष्टी. ब्रेकचे रबर आणि होस नवे घालायचे. दहा वर्षं जुने टायर नक्षी शाबूत असली तरी काढायचे. पेट्रोलचे जुने पाइप इथेनॉलने फुगतात आणि चिरतात, म्हणून इथेनॉल चालणारे बसवायचे. ब्रिटनमध्ये २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे तर त्याच्या दुप्पट, तेव्हा इथे अशी गाडी बाळगणाऱ्याने हे काम आधी उरकावं. किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) दर हजार मैलांनी ग्रीसगन लावायची. आणि ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. धातूच्या खोक्याचा आधुनिक रेडिओ डॅशबोर्डला स्क्रूने आवळलात तर संगीताऐवजी धूर येईल.

मागच्या स्प्रिंगा थेट बॉडीला बोल्टने जखडलेल्या असतात, त्यामुळे तिथला गंज म्हणजे शोभेचा गंज नव्हे. दाराखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक वाजलं तर उत्तम. बद्द वाजलं तर आत पुट्टी किंवा गंजाचा भुगा. गाडी जॅकवर घेतल्यावर दार अडकायला लागलं, तर कणाच खचलाय. तेवढा पत्रा कापून नवा जोडायचाच. बाकीच्या सिलमध्ये मेणाचा फवारा मारायचा आणि वरच्या रंगाला हात लावायचा नाही. यावरही भांडणारे आहेत. त्यांना खुशाल गाडी चालवायला द्या, तीही पावसात.

कारण हुड, म्हणजे कापडी छत, ही स्वतंत्र शिक्षा आहे. सांगाड्याचे दांडे सीटमागून काढा, खाचांत रोवा, कापडाची पुढची कड काचेच्या पट्टीत अडकवा, मागची ताणा, मग बटणं. जुनं व्हायनिल थंडीत आखडतं, त्यामुळे शेवटचं बटण हटकून दोन बोटं अलीकडे राहतं. नवं हुड टाकलं की गाडी अस्सल राहिली नाही म्हणतात, जुनं ठेवलं की डाव्या खांद्यावर धार. तूर्त डाव्या सीटवर सल्ले देणाऱ्याला बसवावं.